काचेची आतली बाजू

सोमवार, १७ नोव्हेंबर

पोरी,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही, हा माझा फायदा.

तुझं म्हणणं मला पाठ झालंय. तुझ्या मुंगीच्या शाळेतल्या बाईंनी तुला कळवलं की ती पहिलीत मागे पडतेय, अक्षरं उलटी काढते, आणि असंच राहिलं तर तिला परत बालवर्गात बसवावं लागेल. त्यावर तू ठरवलंस, की माझ्याकडे राहून पोर वाया चाललीय, तेव्हा तिला तुझ्या हॉस्पिटलजवळच्या वसतिगृहाच्या शाळेत घालायचं. जागा पुढच्या बुधवारपर्यंत राखून ठेवलीय म्हणालीस. मी पुढे बरंच बोलले, पण तू तोवर फोन ठेवला होतास.

म्हणून आज मी मुंगीबरोबरच शाळेत गेले आणि बाईंना म्हटलं, "मला आठवडाभर वर्गात बसू द्या. काय चुकतंय ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय." मला वाटलं, नाही म्हणतील. तरुण आहेत, तुझ्याहूनही लहान असतील. त्या म्हणाल्या, "बसा की. पण इथे बसणाऱ्याला काम करावं लागतं हं." आणि माझ्या हातात पेन्सिलींचा डबा आणि टोकयंत्र दिलं.

तर आता मी रोज जे दिसेल ते तुला लिहीन. सगळं वाच आणि मग काय ते ठरव. काही लपवणार नाही.

तुला माहीतच आहे, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आज पाहिलं. मला वाटायचं, शाळा म्हणजे बाई बोलणार आणि पोरं ऐकणार. इथे तर बाई कमी बोलतात. मध्यभागी लाकडाचा तराजू होता, एका पारड्यात गोटा आणि दुसऱ्यात कापूस. "जड काय?" एवढंच विचारून बाई गप्प. एक मुलगी आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तिला बंद करायचं बटण नाही. ती म्हणाली, "कापूस जड. तो जास्त आहे." दुसरा म्हणाला, "गोटा जड, तो लागतो." मग पारडं सोडलं. गोटा खाली गेला. मग पोरांनी कापूस भरायला सुरुवात केली, बाईंच्या कपाटातला सगळा संपवला, एकाने स्वतःचा मोजा काढून घातला. पारडं सरळ झालं तेव्हा असा काही आरडाओरडा झाला, की शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावून गेल्या. मी पण ओरडले, खोटं कशाला सांगू.

रेडिओने मला विचारलं, "आजी, तुम्ही पहिलीत नापास झालात का?"

म्हटलं, "अगं, मी पहिलीत बसलेच नव्हते."

"मग तुम्हाला खूपच उशीर झाला," म्हणाली.

मुंगी कोपऱ्यात बसते. बोलते, हसते, तराजूपाशी सगळ्यांच्या पुढे होती. लिहायला बसली की मात्र मागे राहते. बाकीच्यांचं झालं तरी हिची पहिली ओळ चालू.

घरी आल्यावर मी तिची वही नीट पाहिली. घर, कमळ, नदी, पाणी. मला सगळं वाचता आलं, एक शब्द चुकीचा नाही. उलटं कुठे आहे, ते मला दिसलं नाही. उद्या बाईंनाच विचारते.

तुझी आई


मंगळवार, १८ नोव्हेंबर

पोरी,

विचारलं. मधल्या सुट्टीत बाईंनी दोन वह्या माझ्यापुढे ठेवल्या, एक मुंगीची, एक रेडिओची. म्हणाल्या, "फरक दिसतो का?"

मी चष्मा लावून बघितलं. "रेडिओचं अक्षर जरा ठेंगू आहे," म्हटलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, अक्षराला नाव ठेवलेलं आवडलं नाही.

"आजी, मुंगीने लिहिलेला न बघा. उभी रेघ कुठे आहे?"

"डावीकडे."

"आणि हिच्या न मध्ये?"

"उजवीकडे. बरं मग?"

"ओळ कुठून सुरू झालीय?"

"तिकडून. उजव्या कडेने."

"आजी," त्या हळूच म्हणाल्या, "हे सगळं उलटं आहे. आरशात दिसतं तसं."

मग त्यांनी मला हात धुण्याच्या बेसिनपाशी नेलं आणि वही आरशासमोर धरली. आरशात घर, कमळ, नदी, पाणी. वहीत घर, कमळ, नदी, पाणी. मला दोन्हीकडे तेच. मी तसं सांगितलं. बाईंनी वही खाली केली. त्यांना हसू आलं होतं आणि त्या ते दाबत होत्या.

"तुम्ही वाचायला कुठे शिकलात?"

"घरी. माझी मीच."

"कशावरून?"

"पाट्यांवरून. माझे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे."

तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं आत घुसली. बाई म्हणाल्या, "मला अजून काही कळलेलं नाही, पण काहीतरी आहे." असं सरळ म्हणणारं माणूस मला आवडतं. त्या म्हणे तुला पत्र पाठवताना पण अडखळल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, पोरीच्या डोळ्यांत किंवा डोक्यात दोष असेल, पण तसं लिहायला हात धजला नाही.

तुझे बाबा गेल्यापासून पाट्यांबद्दल कुणी मला काही विचारलं नव्हतं. बरं वाटलं, आणि नाहीही वाटलं.

दुपारी दहा कसे होतात ते शिकले. मला दहा माहीत होते. पण सहा न् चार, सात न् तीन, अशा दहाच्या पोटात इतक्या जोड्या असतात हे मी कधी मांडून पाहिलं नव्हतं. बटणं पुढे-मागे सरकवत बसले. बाईंना दोनदा सांगावं लागलं, "आजी, आता बटणं पोरांना द्या."

तुझी आई


बुधवार, १९ नोव्हेंबर

पोरी,

आज विशेष काही नाही.

सजीव आणि निर्जीव झालं. बाईंनी जमिनीवर खडूने दोन मोठी वर्तुळं काढली. पोरांनी घरून वस्तू आणल्या होत्या. मुंगी तुझ्या बाबांचा जुना ब्रश घेऊन गेली होती, मला न विचारता. घड्याळ सजीव की निर्जीव, यावर बराच वेळ गेला, कारण ते चालतं. शेवटी एकाने विचारलं, "ते जेवतं का?" तेव्हा कुठे सुटलं.

मुंगीने ब्रश दोन वर्तुळांच्या मध्ये ठेवला. बाईंनी विचारलं, "मध्ये का गं?"

"दांडा झाडाचा आहे. केस कुठल्यातरी प्राण्याचे आहेत. दोघेही आधी जिवंत होते. आता नाहीत."

रेडिओ म्हणाली, "मग निर्जीवात ठेव."

"नाही. दगड कधीच जिवंत नव्हता. हा होता."

बाईंनी खडू उचलला. मग त्यांनी तिसरं वर्तुळ काढलं आणि म्हणाल्या, "याला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा." पोरांनी ठरवलं, 'आधी होतं'. मग त्यात वाळलेलं पान आलं, एकाचं लाकडी खेळणं आलं, कुणीतरी लोकरीची टोपी टाकली. मी पेन्सिलींना टोक काढत होते. पेन्सिलसुद्धा त्यातच जाते, हे तेव्हा डोक्यात आलं.

एवढंच. थंडी पडलीय. मुंगीला स्वेटर लहान होतोय.

तुझी आई


गुरुवार, २० नोव्हेंबर

पोरी,

सकाळी तुझा निरोप आला फोनवर. 'सोमवारचं पत्र मिळालं. रोज लिही. काही लपवू नकोस.'

तुला कसं कळतं गं? कालचं पत्र तर तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल. मी काल 'विशेष काही नाही' लिहिलं ते खोटं होतं. विशेष होतं. लिहिलं नाही, कारण ते कळलं की तू जिंकणार असं मला वाटलं. आता लिहिते.

काल सकाळी वर्गाच्या खिडक्यांवर वाफ धरली होती. आत पोरं, बाहेर गारठा, काचा पांढऱ्या झालेल्या. बाई म्हणाल्या, "चला, बोटाने आपापलं नाव लिहा काचेवर." पोरांना काय, हवंच होतं. मुंगीने पण लिहिलं. भराभर लिहिलं, वहीत लिहिते तसं अडखळत नाही. आणि लिहून झाल्याबरोबर दार उघडून बाहेर पळाली.

बाई मागोमाग गेल्या, म्हटलं पोर पळाली कुठे. मीही गेले. मुंगी ओट्यावर उभी राहून बाहेरून काच बघत होती. रेडिओचं नाव बोटाने दाखवून म्हणाली, "हिचं चुकलं. हे बाहेरून वाचताच येत नाही."

बाईंनी काचेकडे पाहिलं. त्यांनी मला नंतर सांगितलं, बाहेरून मुंगीचं नाव सरळ, नीट, कुणीही वाचावं असं. बाकी सगळ्या वर्गाची नावं उलटी.

"मुंगी," बाई खाली बसल्या तिच्यापुढे, "वाचणारा कुठे असतो?"

"बाहेर," मुंगी म्हणाली. 'एवढंही माहीत नाही?' असा चेहरा करून. "लिहिणारा आत असतो आणि वाचणारा बाहेर असतो. आजोबांनी सांगितलंय."

मी बाहेरून तिच्या नावावर बोट फिरवलं.

तुला आठवतंय ना, बाबा दुकानांच्या काचा आतून रंगवायचे. बाहेरून रंगवलं की येणाराजाणारा हात लावतो, धूळ बसते, रंग टिकत नाही. म्हणून आतल्या बाजूने, उलटं. मुंगी तीन-चार वर्षांची असताना घरातल्या त्यांच्या कामाच्या खोलीत, त्यांच्या पायाशी बसलेली असायची. मीही लग्नानंतर तिथेच बसून वाचायला शिकले. ते रंगवायचे आणि मी आतल्या बाजूने लावत लावत वाचायची. लिहायला त्यांनी मला नंतर कागदावर शिकवलं म्हणून माझं अक्षर सरळ आलं. वाचायला मात्र मला दोन्ही बाजू सारख्याच. इतकी वर्षं मला हे माहीतही नव्हतं. कुणी कशाला विचारेल, तुम्ही कुठल्या बाजूने वाचता म्हणून?

आणि ते गेल्यावर खोली मी तशीच ठेवली. खिडकीला टेकून काचा उभ्या आहेत, काही अर्ध्या रंगवलेल्या. मुंगी शाळेतून आली की तिथेच खेळते. तिथेच तिने अक्षरं गिरवली. शाळेत फळ्यावरचं एकेक अक्षर ती मनात फिरवून घेते आणि मग कागदावर काढते. म्हणून मागे राहते. बाईंनी हे काल संध्याकाळपर्यंत बसून माझ्याकडून एकेक करून काढून घेतलं.

आता मी का लपवलं ते. दीड वर्षापूर्वी, बाबांच्या दिवसांनंतर तू म्हणाली होतीस, 'आई, त्या खोलीत पोर वाढवू नकोस. आवर ती, नाहीतर माझ्याकडे चल.' मी म्हटलं होतं, खोलीने कुणाचं काय बिघडवलंय? तेव्हापासून आपण दोघी अशा आहोत. तर आता तुझ्या हातात आलंय. त्या खोलीमुळेच झालं. तुला हवं तर वसतिगृहाला आजच हो म्हण, मला तोंड नाही.

पण मी बाईंना विचारलं, "हा दोष आहे का?" त्या म्हणाल्या, "दोष कसला? ती फार विचार करून लिहिते. फक्त चुकीच्या बाजूला उभं राहून." मग म्हणाल्या, "मी तिच्या आईला घाईने कळवलं. त्यांना परत लिहीन." लिहितील. भल्या आहेत.

तुझी आई


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पोरी,

आज बाई मुंगीशेजारी बसल्या. समोर नाही, शेजारी. त्यांनी कोरा कागद ठेवला आणि विचारलं, "या कागदाच्या पलीकडे कोण आहे?"

मुंगीने कागद उचलून खाली बघितलं. "बाक आहे."

"मग वाचणार कोण?"

मुंगीने कागद परत बाकावर ठेवला. ती खरंच विचार करत होती, कपाळाला आठ्या घालून, तुला पडतात तशा. बाईंनी तिला घाई केली नाही. रेडिओ मध्ये तोंड घालायला आली तर तिला नुसत्या हाताने थांबवलं.

मग बाई म्हणाल्या, "काचेवर वाचणारा पलीकडे असतो. कागदावर वाचणारा तुझ्याच बाजूला येऊन बसतो. आत्ता मी बसलेय तशी."

"सगळे?"

"सगळे."

मुंगी म्हणाली, "माझी आई लांब आहे. तीपण?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या भांडणाचं मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तीपण. तिने तुझं पत्र उघडलं ना, की ती तुझ्याच बाजूला."

हे ऐकून पोर काय म्हणाली ते लिहिते. म्हणाली, "मग मी आधी पाठवलेली तिला वाचता आली नसतील."

मला माहीतच नव्हतं. शेजारच्या शिंपीणबाई तुला शिवलेले कपडे पाठवतात, त्या पार्सलात ती म्हणे चिठ्ठ्या घालायची. तुला मिळाल्या का? मिळाल्या असतील आणि नुसत्या रेघोट्या वाटल्या असतील, तर त्या आरशासमोर धरून बघ. टाकून दिल्या असशील तर तसं तिला सांगू नकोस.

नंतर तिने लिहायला घेतलं. सोपं नाही गेलं. पहिल्याच ओळीला सवयीने उजव्या कडेला पेन्सिल टेकवली, मग थांबली, आणि डावीकडे आली. न ची रेघ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बाई म्हणाल्या, काही महिने जातील, मधूनमधून उलटं येईल, रागवू नका. मी म्हटलं, मी काय रागवणार, मला फरकच कळत नाही. त्यावर त्या मोठ्याने हसल्या आणि सगळा वर्ग हसला. मुंगी सगळ्यात जास्त हसली. ती माझी टिंगल करत होती, आणि मला ते फार आवडलं.

बालवर्गात परत पाठवायचं नाही, असं बाईंनी ठरवलंय. तसं तुला कळवतील.

तुझी आई


शनिवार, २२ नोव्हेंबर

पोरी,

आज शाळा नाही, वर्गातलं सांगायला काही नाही. म्हणून आपलं लिहिते.

आठवडा संपला. सोमवारी मी वर्गात गेले ती हे सिद्ध करायला, की मुंगी मागे नाही आणि म्हणून तिने इथेच राहावं. मुंगी मागे नाही हे खरं निघालं. पण 'म्हणून' चं काही जमत नाही. काल घरी येताना तेच घोळत होतं डोक्यात. ती मागे नसली तरी तिची आई लांब आहेच. ते तराजूने नाही सुटत.

तेव्हा स्पष्ट लिहिते. ती मागे पडतेय म्हणून तिला नेऊ नकोस, कारण ते खरं नाही. तुला ती जवळ हवी म्हणून नेणार असशील तर ने, मी आडवी येणार नाही. पण मग वसतिगृहात कशाला? तुझ्या पाळ्या असतात, मला ठाऊक आहे. रात्रपाळीला तिच्याजवळ कोण थांबणार, हाच प्रश्न असेल तर त्याचं उत्तर मी आहे. मी येते. दीड वर्षापूर्वी तू बोलावलंस तेव्हा मी नाही म्हटलं, कारण तेव्हा मला फक्त खोली दिसत होती. आता खोली आवरेन. सगळी नाही. पण तू आल्याशिवाय नाही आवरणार, कारण कुठली काच ठेवायची ते आपण दोघींनी ठरवायचं. ती अर्धी रंगवलेली, तुझ्या जन्माच्या वर्षीची, मी एकटीने उचलणार नाही.

आणि तुला तिकडे जमणार नसेल तर ती इथेच राहील, आणि तू महिन्याला येशील. येशील म्हणजे यायचंच. दोन ओळींचे निरोप पाठवून नाही.

तिने इथे राहावं असं मी म्हणत होते त्याचं एक कारण मी कुठल्याच पत्रात लिहिलं नाही. सकाळी ती उठल्यावर घरात आवाज सुरू होतो. मोजे कुठे, पेन्सिल कुठे, आजी बघ ना. तो आवाज नसला की मला दिवस कुठून सुरू करायचा ते समजत नाही. हे मोठं कारण नाही, आणि त्यासाठी एका पोरीला आईपासून लांब ठेवावं असं तर मुळीच नाही. पण ते आहे, आणि तुला ठरवायचं असेल तर तेही माहीत असायला हवं.

बुधवार जवळ आलाय. काय ठरवशील ते ठरव. फक्त ते मला सांगून, मी तिला सांगायचं, असं या वेळी नको. दीड वर्ष तुझं सगळं माझ्या तोंडून ऐकतेय ती. आई येणार आहे, आई येणार नाही, आईला सुट्टी नाही. माझ्या तोंडचं ते तिला खरं वाटेनासं झालंय.

तू फोन कर. मी फोन तिच्या हातात देईन, आत जाईन आणि दार लावून घेईन. तू तिला काय बोललीस ते मी विचारणार नाही.

तिने आपणहून सांगितलं, तर ऐकेन.

तुझी आई